‘लेकरावर प्रयोग करता का, ताई?’
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने आपल्या कामाविषयी चार शब्द बोलायचं ठरलंय. मी मुंबईत लहान मुलांच्या कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांमध्ये समन्वयक आहे. संमतिपत्र आईवडिलांना मराठीतून समजावून सांगणं हे माझं मुख्य काम. मराठवाड्यातले पालक बोलीवरूनच ओळखू येतात. त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : ‘‘लेकरावर प्रयोग करता का, ताई?’’

खरं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण ते पूर्ण सांगावं लागतं.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, ल्युकेमिया. 1947 च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झालं होतं. 16 पैकी 10 मुलांना गुण आला, तोही तात्पुरता. पण त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही या आजारावर दिलं जातं. आपल्याकडे 1984 पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांनी एकच उपचारक्रम राबवला आणि बरी होणारी मुलं वाढली.

तरी काहींचा आजार उलटतो. मग नेहमीची औषधं पुरी पडत नाहीत. क्लोफॅराबिन या औषधाची चाचणी अशाच 61 मुलांवर झाली. त्यांच्यावर आधीचे दोन किंवा अधिक उपचार होऊन गेले होते. 12 जणांच्या मज्जेतला रोग दिसेनासा झाला. आकडा लहान वाटेल, पण त्या मुलांपुढे फारसा दुसरा इलाज उरला नव्हता. 2004 मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली.

पालकांना मी तीन गोष्टी सांगते. पहिल्या टप्प्यात औषधाचा सुरक्षित डोस शोधतात, त्यामुळे तुमच्या मुलाला फायदा होईलच असं नाही. ‘नाही’ म्हणालात तरी इतर उपचार सुरू राहतील, आणि सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं. तिसरं, आम्ही मुलालाही विचारतो. सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी होकार लागतो, बारा वर्षांपुढे लेखी.

एका वडिलांनी कागद न भरताच परत दिला. ‘‘पोरगं आता घरी जायचं म्हणतंय,’’ एवढंच बोलले. आम्ही दुखणं कमी करणारी औषधं, ती कशी द्यायची हे लिहून आणि फोन नंबर देऊन त्यांना निरोप दिला. त्यांचा नकारही चाचणीच्या नियमात बसणारा होता. माझ्या मते तो होकाराइतकाच विचारपूर्वक होता.

आपल्या शहरात 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. त्यामुळे प्रत्येकाला निदान होताच देवगिरी एक्स्प्रेस पकडावी लागत नाही. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. केमोथेरपीत मुलांच्या प्लेटलेट्स घसरतात, आणि दान केलेल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दात्यांची यादी करू या. पहिलं नाव माझ्या धाकट्या भावाचं लिहा, तो इथेच सिडकोत राहतो. आणि ओळखीतलं कुणी मुलाचे उपचार अर्ध्यावर सोडत असेल, तर त्यांना मला फोन करायला सांगा.

बाई, तुम्ही धड्यातला अवघड शब्द फळ्यावर सोपा करून लिहायचात. संमतिपत्र समजावताना मी रोज तेच करते.