उंदीर गेले कोठें?

खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर, बुलढाणा जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवच्या जुन्या वस्तींत एखाद्या आजीबाईंना विचारलें, तर त्या सांगतील कीं, रात्रीं दिवा मालविला म्हणजे आढ्यावर उंदरांची धावपळ सुरू व्हावयाची. त्यांचीं नातवंडें सिमेंटच्या घरांत वाढलीं. त्यांना उंदीर ठाऊक आहे तो बहुधा गणपतीच्या पायाशीं बसलेला. मग हा प्राणी गेला तरी कोठें? शिक्षित कुटुंबांत याचें उत्तर ठरलेलें असतें: स्वच्छता वाढली, म्हणून उंदीर कमी झाले. हें उत्तर सोयीचें आहे. पुरतें खरें मात्र नाहीं.

उंदीर ही एकच जात नव्हे. घरांतला काळा उंदीर अंगानें सडपातळ, शेपटीनें लांब आणि चढण्यांत पटाईत. छप्पर व माळा हेंच त्याचें बिऱ्हाड. गटारांतला तपकिरी उंदीर जड, बिळें खणणारा नि पोहणारा. तो विशेषेंकरून बंदरांच्या शहरांत आढळतो. वऱ्हाडांत खणण्याचें काम घूस करते.

जुनें घर जणूं काळ्या उंदरासाठींच बांधलेलें असे. मातीच्या भिंती, लांकडी तुळया, त्यांवर धाबें किंवा एकावर एक रचलेलीं देशी कौलें. खालीं कणगींत वर्षाची ज्वारी, कोपऱ्यांत म्हशीसाठीं सरकीचें पोतें. निवारा वर आणि जेवण खालीं!

छपराचें हें महत्त्व मुंबईंत प्रयोगानें दिसून आलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें. पुढें १९०५ मध्यें नेमलेल्या प्लेग-संशोधन मंडळानें प्रयोगासाठीं सहा लहान खोल्या बांधविल्या. दोहोंवर देशी कौलें, दोहोंवर सपाट मंगळुरी कौलें, उरलेल्या दोहोंवर पन्हळी पत्रे. देशी कौलांत उंदीर मनसोक्त राहिले, मंगळुरी कौलांत कमी, पत्र्यांत त्यांना थाराच मिळाला नाहीं. छपराखालीं बारीक तारेची जाळी होती. तिच्यांतून उंदीर उतरूं शकत नसे, पण त्याच्या अंगावरची पिसू खालच्या गिनीपिगांवर खुशाल पडत असे. प्लेग पसरविणारी ती हीच.

तेव्हां ज्या दिवशीं घरावर स्लॅब पडला, त्या दिवशींच काळ्या उंदराची जागा गेली. पाठोपाठ वर्षाच्या धान्याऐवजीं महिन्याचा किराणा घट्ट झांकणांच्या डब्यांत आला. कणगी गेली आणि तिच्याबरोबर मांजराची नोकरीहि गेली.

परंतु जो खालीं राहतो, त्याचें काय? त्याच्या डोक्यावर तर शहरानें फरशी घातली! गटार झांकलें गेलें, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर गेलें, आणि हा प्राणी मुळांतच निशाचर. मग गांठ पडणार केव्हां? त्याच्या अन्नाची मात्र कमतरता झाली नाहीं. खानावळींचें खरकटें आणि बाजारांतला सडका भाजीपाला त्याला रोज पोहोंचतो.

त्याच मंडळानें मुंबईंत आणखी एक गोष्ट टिपली. प्लेग प्रथम गटारांतल्या तपकिरी उंदरांत शिरे, नंतर घरांतल्या काळ्या उंदरांत आणि शेवटीं माणसांत. घरच्यांना जो दिसत नव्हता, त्याच्याच अंगांत रोग आधीं आलेला असे.

हें जुनें झालें म्हणावें, तर २६ जुलै २००५ चा पाऊस आठवावा. मुंबईंत रस्ते आणि गटारें एक झालीं, लोक कमरेइतक्या पाण्यांतून घरीं गेले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तिचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रांतून पाण्यांत येतात व पायाच्या लहानशा जखमेंतूनहि शरीरांत शिरतात. त्या आजाऱ्यांत वर्षानुवर्षें घरांत एकहि उंदीर न पाहिलेले किती असतील!

बुलढाणा जिल्ह्याच्या गांवांतहि आतां स्लॅबचीं घरें झालीं आहेत. रात्रीं गटारावर फेंकलेली पोळी-भाजी कोणाच्या पोटांत जाते हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें निजानीज झाल्यावर आडत-दुकानांच्या मागच्या बोळांत, बॅटरी न लावतां, पांच मिनिटें उभें राहावें; आणि मग ती लावावी.