मृत्यूचे अनुमान आणि मृत्यूची तारीख



घरातून गेलेले माणूस वर्षानुवर्षे परतले नाही, तरी आप्तेष्टांची आशा मावळत नाही. न्यायालयाला मात्र केव्हातरी निर्णय द्यावाच लागतो. जुन्या धर्मशास्त्रात अशा व्यक्तीची 12 वर्षे वाट पाहण्याची रीत होती. 1872 च्या पुरावा अधिनियमाने 7 वर्षांची मुदत घालून दिली. ज्यांना तिची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना 7 वर्षे ती कळली नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे.

परंतु हे अनुमान केवळ मृत्यूपुरते असते, त्याच्या वेळेविषयी नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले. ज्याचा हक्क तारखेवर अवलंबून आहे, त्याने ती शाबीत करावी.

हयातीपुरत्या हक्काच्या बाबतीत याचे महत्त्व फार. आपल्या म्हैसूर संस्थानाने 1933 मध्येच कायदा करून एकत्र कुटुंबाच्या वाटणीत स्त्रियांना हिस्सा दिला होता. इतरत्र मात्र पतीच्या मिळकतीवर विधवेची मर्यादित मालकी असे. तिच्यामागून ती मिळकत पतीच्या वारसांकडे जाई. 17 जून 1956 रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला आणि अशा विधवेच्या कबजातील मिळकत पूर्णपणे तिची झाली. मृत्युपत्राने किंवा दानपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल, तर तो सामान्यतः तसाच राहतो.

आता समजा, त्या वेळी मुंबई राज्यात असलेल्या बेळगावातील एक विधवा 1950 साली यात्रेला गेली आणि परतली नाही. पतीकडून वारसाने आलेल्या घरात तिचा भाडेकरू राहत होता. आपण सांभाळलेल्या मुलीच्या नावे तिने मृत्युपत्र करून ठेवले होते. 1960 मध्ये पतीचे पुतणे आणि ती मुलगी न्यायालयात उभे राहिले. ती वारली, हे दोघांनाही मान्य आहे. पण 17 जूनपूर्वी वारली असेल तर घर पुतण्यांचे. त्या दिवशी जिवंत असेल तर मुलीचे. सात वर्षांचा नियम येथे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ऑगस्ट 1956 चा शिक्का असलेले, तिच्या हातचे काशीहून आलेले एखादे पोस्टकार्ड मात्र साऱ्या वादाचा निकाल लावू शकते.

म्हणून बेपत्ता माणसाची वर्दी वेळेवर द्यावी आणि त्याची पत्रे पाकिटांसह जपून ठेवावीत. आज ती केवळ आठवण असते. उद्या तोच पुरावा ठरतो.