बंदूक कोणाच्या हाती?

नवे हत्यार आले की जुनी फौज हरते, असे आपण सहज म्हणून जातो. पण हत्यार दोन्ही बाजूंना मिळत असेल तर? मग एक बाजू ते आपलेसे करते आणि दुसरी नाही, असे का होते? याचे उत्तर मला इजिप्तचे ममलूक आणि त्यांचे प्रतिस्पर्धी उस्मानी तुर्क यांच्या इतिहासात सापडते.

दोघांत धर्माचा फरक नव्हता. दोन्हीकडचे निवडक शिपाई कोवळ्या वयात गुलाम म्हणून आणून घडवलेले होते. फरक होता तो अभिमानाचा. भाला, धनुष्य, तलवार आणि घोडा यांच्या विद्येला अरबीत 'फुरूसिया' म्हणतात. ममलूक वर्षानुवर्षे घाम गाळून ती कमवत आणि तिच्याच जोरावर कैरोत राज्य करत. तोडेदार बंदूक काही धावत्या घोड्यावर ठासता येत नव्हती. ती घ्यायची म्हणजे घोड्यावरून उतरायचे, आणि पायी लढणे हे तर हलक्या माणसाचे काम! उस्मानींचे जेनिसरी मात्र मुळात पायदळच. धनुष्य ठेवून बंदूक उचलताना त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

ममलूकांनीही बंदुका घेतल्या, पण त्या दिल्या हबशी गुलामांच्या हाती. १४९८ साली तरुण सुलतानाने या पथकाच्या प्रमुखाचे लग्न एका चेर्केस दासीशी लावून दिले, त्याला मानाचा पोशाख दिला. ममलूक चवताळून उठले. त्यांनी त्या प्रमुखाला आणि त्याच्या कित्येक साथीदारांना कापून काढले.

२४ ऑगस्ट १५१६ रोजी हलब शहराजवळ मर्ज दाबिकच्या मैदानात ममलूक हरले. फितुरी झाली हे खरे, पण उस्मानी तोफा-बंदुकांनीही आपले काम केले. जानेवारी १५१७ मध्ये कैरोजवळ रायदानियाला ममलूकांनी घाईघाईने तोफा मांडल्या, त्याही एका जागी रोवून. उस्मानी फौज वळसा घालून बाजूने आली आणि राज्य बुडाले.

शौर्यात ममलूक कुठेच कमी नव्हते. आम्ही कवी मंडळी तर अशा घोडेस्वारांवर लगेच भाळतो. पण त्या बंदूकवाल्यांचे काय? यंत्र विकत आणता येते. ते चालवणाऱ्याला मात्र आपल्या पंगतीत पाट मांडावा लागतो. कैरोच्या दरबाराला तेवढेच जमले नाही.