बालवाडी पटावर नव्हे, अंगणात



बालवाडीच्या पटावर नावे पुष्कळ, परंतु अंगणात मुले थोडी, असे दिसले की दोष पालकांच्या माथी मारला जातो. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. त्यांनी पालकांना बोल लावला नाही. बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. खडे, बिया, शिंपले हेच तिचे साहित्य. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळाही भरली.

हाच धडा भामरागड-एटापल्लीच्या टोल्यांना लागू आहे. मोहफुलांच्या दिवसांत घरे पहाटेच रिकामी होतात. लहानगे आईमागे रानात जाते. त्या दिवसांत बालवाडीची वेळ वेचणीशी जुळवून घेतली पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची. घरी माडिया बोलणारे बालक मराठी वर्गात गप्प बसते आणि मंद ठरते. वस्तुतः त्याला प्रश्नच कळलेला नसतो. त्याच्या भाषेतील गाणी व गोष्टी प्रथम, मराठी हळूहळू.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच टप्पा मानला आहे. म्हणून पहिलीच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी अंगणवाडीत जावे, सेविकेकडून माडिया शब्द शिकावेत, मुलांना नावाने ओळखावे. ओळखीच्या गुरुजींच्या वर्गात मूल आपल्या पायांनी येईल. एरवी त्याचे नाव पटावर राहील आणि ते रानात.