कॅसलरॉकचा आवाज



शताब्दीच्या या सोहळ्यात ग्रंथांऐवजी एका नभोवाणी केंद्राविषयी बोलण्याची मुभा आपण मला दिलीत. त्याला निमित्तही शंभरीचेच आहे. श्रीमती लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती.

लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटमाथ्याला कॅसलरॉक हे छोटेसे स्थानक लागते. १९६१ पर्यंत ते आपल्या हद्दीतील अखेरचे. घाट उतरून कुळ्यास पोहोचले की पोर्तुगीजांचा अंमल सुरू. या परिसरातील अरण्यातून लिबियाताई आणि श्री. वामन सरदेसाई यांनी वर्षानुवर्षे एक गुप्त केंद्र चालविले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर सीमा बंद झाली. गोव्यात मुद्रणपूर्व तपासणी इतकी जाचक होती की लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. आतल्या माणसाला बाहेरचे वर्तमान कळावे तरी कसे? दादरा-नगरहवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून प्रक्षेपक सिद्ध झाला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून पहिले प्रक्षेपण झाले. केंद्र कॅसलरॉकला आले ते नंतर. बातम्या, भाष्य, सरकारी प्रचाराचे खंडन, आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींमधील असंतोषाचे वृत्त, असा सारा मजकूर असे. मनोरंजनाला तेथे वाव कोठला! नभोवाणीला श्रोत्यांच्या पत्रांचा आधार असतो. सीमेपलीकडच्या श्रोत्याने या केंद्राला पत्र लिहावे कसे आणि टाकावे कोठे? आपले बोलणे कोणाच्या कानी पडते आहे, हे न दिसता रोज बोलत राहावयाचे, हे मला पावसाळ्यातल्या जंगलवासापेक्षाही कठीण वाटते.

हे प्रक्षेपण पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांतून होई. मराठीच्या अध्यापकाला येथे क्षणभर थबकावे लागते. गोव्यात मराठी वाचणारे पुष्कळ होते. हे वाचनालय तर मराठीचेच. तरीही, स्पष्टच बोलतो, ती निवड मला योग्य वाटते. ग्रंथाची भाषा आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा गोव्यात सर्वत्र एक नव्हती, आणि नभोवाणी ऐकावयास साक्षरतेची अट नसते. पोर्तुगीजमधून बोलले की राज्यकर्त्यांनाही दुभाषा लागत नसे. आपल्या भाषेचा अभिमान बाळगताना ऐकणाऱ्याची सोय पाहावी लागते. सीमाभागातील आपण मंडळी हे कधी कधी विसरतो.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई सुरू होण्यापूर्वी, शरण येऊन रक्तपात टाळण्याचे आवाहन याच केंद्रावरून गव्हर्नर जनरलला करण्यात आले. त्याने ते मानले नाही. १८ तारखेस भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. १९ तारखेस पोर्तुगीज शरण आले. त्या दिवशी वामनराव आणि लिबियाताई वायुदलाच्या विमानातून, ध्वनिक्षेपक घेऊन, गोव्यावरून फिरल्या. गोवा मुक्त झाल्याचे वृत्त त्यांनी आकाशातून सांगितले, आणि त्या वेळी प्रथमच त्यांचे श्रोते त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होते. तीन वर्षांनी, १९ डिसेंबरलाच, दोघांचा विवाह झाला.