एचआयव्ही नियंत्रण आणि दवाखान्याच्या खिडकीवरील सौजन्य

(वसई-विरार परिसरातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्याच्या कार्याचे यश मोजताना रुग्णालये किती, खाटा किती आणि औषधे किती वाटली याचा हिशेब मांडला जातो. तो मांडणे आवश्यकच आहे. परंतु ज्याच्यासाठी हे सारे उभे केले, तो मनुष्य दाराशी येऊन परत फिरला, तर त्याची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही. एचआयव्ही नियंत्रणाच्या कार्यात अशा परत फिरणाऱ्या माणसांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्यांत समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीय व्यक्ती मोठ्या संख्येने असतात. त्यांना परत फिरवणारी गोष्ट बहुधा औषधांची टंचाई ही नसते. केसपेपरच्या खिडकीवरचे हसू, रांगेत मोठ्याने विचारलेला प्रश्न किंवा तपासणीच्या वेळी काढलेला कुत्सित उद्गार एवढ्यानेही हे घडते.

जोखीम कोठे आहे

भारतात एचआयव्हीचा पहिला आढळ १९८६ मध्ये चेन्नई येथे झाला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नॅको, स्थापन झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे विनामूल्य मिळू लागली आणि २०१७ पासून चाचणीत संसर्ग आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्यास संसर्ग होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही ठरतो. म्हणूनच एक रुग्ण उपचारातून गळणे ही त्याची एकट्याची हानी राहत नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. त्याच वर्षीच्या पाहणीत ते पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३.२६ टक्के, तर तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ टक्के आढळले. म्हणजे हे प्रमाण सर्वसाधारण प्रमाणाच्या अनुक्रमे सुमारे पंधरा पट व अठरा पट होते. यावरून कोणाच्या स्वभावावर वा वर्तनावर शेरा मारणे चुकीचे ठरेल. ज्यांना आपले नाते लपवून ठेवावे लागते, घरातून व नोकरीतून ज्यांना बाहेर काढले जाते, आणि आजार सांगण्यास गेल्यावर ज्यांचीच उलटतपासणी होते, त्यांच्यापर्यंत माहिती, निरोध आणि उपचार उशिरा पोहोचतात. या विलंबाचा फायदा विषाणूला मिळतो.

दोन खाती, दोन भूमिका

या कामात कायद्याचाही अडसर दीर्घकाळ होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुळे प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरत. २००१ मध्ये लखनौ येथे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली होती. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाची सुनावणी चालू असताना गृह मंत्रालयाने ते राखावे असे म्हटले, तर नॅकोने त्यामुळे आपले काम अडते असे प्रतिज्ञापत्र दिले. एकाच शासनाची दोन खाती एकाच न्यायालयासमोर परस्परविरुद्ध बाजूंनी उभी राहिली. समन्वय नसला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण शासकीय सेवकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता मिळाली होती. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा अमलात आला. संमतीवाचून चाचणी न करणे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे आणि भेदभाव न करणे ही या कायद्याने बंधने घातली आहेत. वीस वा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमावा, असेही तो सांगतो. कायद्याचा अडसर अशा रीतीने दूर झाला. खिडकीवरचा अडसर मात्र निकालपत्राने दूर होत नाही. त्याला प्रशिक्षणच लागते.

परदेशी साहाय्याने उभे राहिलेले काम

असे प्रशिक्षण महाराष्ट्रात अगदीच नवे नाही. १९९४ मध्ये मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिला सांताक्रूझ येथील वाकोल्यात महानगरपालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. समलिंगी समाजाची एक संस्था आणि नागरी प्रशासन एका छपराखाली आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुण्यात २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू झाला. त्याचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेविषयी मराठीतून सातत्याने लेखन केले. ज्या विषयाला आपल्या भाषेत बोलण्याजोगे शब्दच नव्हते, त्याला असे शब्द मिळाले.

पुढे आंतरराष्ट्रीय निधी आला. एड्स, क्षयरोग व हिवताप यांच्या निर्मूलनासाठी २००२ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक निधीच्या साहाय्याने २०१० ते २०१५ या काळात 'पहचान' हा कार्यक्रम देशातील अनेक राज्यांत राबविण्यात आला. समलिंगी पुरुष, तृतीयपंथीय व हिजडा समाजाच्या स्वतःच्या संस्था बळकट करणे, त्यांतील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणे आणि आरोग्यसेवेशी त्यांचा दुवा जोडणे हे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर अमेरिकन शासनाच्या साहाय्याने 'मित्र' नावाचे दवाखाने हैदराबाद, पुणे आणि कल्याण येथे चालू झाले. त्यांतील हैदराबादचा दवाखाना २०२१ मध्ये सुरू झाला होता. या दवाखान्यांत तृतीयपंथीय समाजातील व्यक्तीच कर्मचारी म्हणून काम करीत. आलेल्या माणसाला आपली ओळख समजावून सांगत बसावे लागत नसे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन शासनाने परदेशी साहाय्य एकाएकी थांबविले आणि हे तिन्ही दवाखाने बंद पडले. हैदराबादचा दवाखाना पुढे खाजगी न्यासाच्या मदतीने दुसऱ्या नावाने पुन्हा उघडला. परंतु येथे लक्षात घेण्याचा मुद्दा वेगळा आहे. परदेशी निधी मुदतीचा असतो. तो संपला की कार्यालयाची पाटी उतरते आणि शिकलेली माणसे दुसरीकडे जातात. ज्या आपुलकीचा अनुभव त्या दारात मिळत होता, तिच्या शोधात तोच रुग्ण मग सरकारी रुग्णालयाच्या रांगेत येऊन उभा राहतो. ती आपुलकी तेथे त्याला मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे. बाहेरच्या कार्यक्रमाने जे शिकविले ते सरकारी व पालिकेच्या यंत्रणेत मुरले असेल तरच तो कार्यक्रम सफल झाला असे म्हणता येईल.

वसई-विरारची विशेष अडचण

हा प्रश्न वसई-विरारला निकटचा आहे. २००९ मध्ये चार नगरपालिका व अनेक गावे मिळून येथे महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांतून रोज पहाटेपासून माणसांचे लोंढे मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. वसई-दिवा मार्गाने भिवंडी-कल्याणचा पट्टाही या भागाशी जोडलेला आहे.

मुंबईचे एड्स नियंत्रण मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेकडे आहे, तर पालघर व ठाणे महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे. लोकलगाडीत बसणाऱ्याला ही सीमा दिसत नाही. समजा, नालासोपाऱ्यात राहणारा एक तरुण अंधेरीत काम करतो. ओळख उघड होईल या भीतीने तो घराजवळ चाचणी करीत नाही, मुंबईत करतो. काम सुटले की मुंबईची फेरी परवडत नाही. मग औषधे घराजवळच्या केंद्रातून घ्यावीत अशी चिठ्ठी त्याला मिळते. चिठ्ठी वेळेवर पोहोचते, पण नव्या खिडकीवर त्याचे स्वागत कसे होईल हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते. तेथे पहिल्याच दिवशी अपमान झाला, तर मुंबईत वर्षभर घेतलेले श्रम एका क्षणात वाया जातात. म्हणून प्रशिक्षणाचा समन्वय हा एका रुग्णालयापुरता विषय नाही. रुग्ण ज्या मार्गाने जातो-येतो, त्या संपूर्ण मार्गावरील केंद्रांत तो साधला पाहिजे.

प्रशिक्षण कोणाला व कशाचे

वैद्यकीय अधिकारी व समुपदेशक यांचे प्रशिक्षण होते, ते योग्यच आहे. परंतु रुग्णाची पहिली गाठ पडते ती दारावरच्या रखवालदाराशी, केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाशी आणि वॉर्डबॉयशी. प्रशिक्षणाचा आरंभ या मंडळींपासून व्हावा. त्यांना शिकवायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. ज्या नावाने व्यक्ती स्वतःस ओळखते, त्या नावाने तिला हाक मारावी. आजार किंवा लैंगिक जीवन यांविषयीचा प्रश्न रांगेत विचारू नये, बंद खोलीत विचारावा. उपचाराला जेवढे जाणून घेणे आवश्यक आहे तेवढेच विचारावे. एकाची माहिती दुसऱ्या टेबलावर चर्चेला नेऊ नये.

दुसरे असे की, समलिंगी वा तृतीयपंथीय असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली आहे. ती 'बरी' करण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. तरीही जुन्या समजुती परत डोके वर काढतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाच्याच नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंधांचा जुना, अवमानकारक उल्लेख पुन्हा आला आणि टीका झाल्यावर सप्टेंबरच्या आरंभी तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. एकदा शिकविले म्हणजे झाले असे या विषयात होत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात, कंत्राटी माणसे बदलतात. म्हणून हे प्रशिक्षण नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या नेहमीच्या प्रशिक्षणाचा भाग असावे आणि त्याची उजळणी ठरावीक काळाने व्हावी.

तिसरी गोष्ट, शिकविणाऱ्यांत त्या समाजातील माणसे असावीत आणि त्यांना योग्य मानधन मिळावे. ज्याच्याविषयी ऐकीव माहितीच होती, तो समोर बसून बोलू लागला म्हणजे जे परिणाम होतात ते छापील पुस्तिकेने होत नाहीत.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. या समाजाकडे शासनाचे लक्ष प्रथम एचआयव्हीच्या निमित्ताने गेले. त्यामुळे समलिंगी म्हणजे एचआयव्हीचा रुग्ण, असे समीकरण नकळत रूढ झाले. ते चुकीचे आहे. तृतीयपंथीयाला मलेरिया होतो, दात दुखतो, अपघातही होतो. समलिंगी स्त्रियांचा तर या कार्यक्रमात उल्लेखही येत नाही, पण त्याही दवाखान्यात येतातच. सौजन्य केवळ एआरटी केंद्रापुरते राहिले, तर काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

शिक्षक व पंचायत सदस्य

या कामी शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांचे साहाय्य मोलाचे आहे. शाळेत एखाद्या मुलाच्या चालण्याबोलण्याची टिंगल होते, तेव्हा शिक्षकाने ती तेथेच थांबविली तर पुढे तो मुलगा शाळा सोडत नाही, घर सोडून पळत नाही. लैंगिक आरोग्याचा विषय मराठी समाजाला सर्वस्वी परका आहे असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि त्यापायी न्यायालयात खटलेही सोसले. शंभर वर्षांपूर्वी जे लिहिण्याचे धैर्य एका व्यक्तीने दाखविले, ते आज बोलण्यास संस्थांना संकोच वाटू नये.

पंचायतींसमोरही उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ या गावाने २०१७ मध्ये एका तृतीयपंथीय उमेदवारास सरपंचपदी निवडून दिले. ज्याला गाव आपला कारभार सोपवू शकते, त्याला आरोग्य उपकेंद्रात बसायला बाक मिळू नये, हे कसे चालेल? ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा एचआयव्हीची मोफत चाचणी, उपचार आणि १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक यांची माहिती देता येईल. रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमला आहे काय, त्याचे नाव फलकावर लावले आहे काय, हे विचारण्याचा अधिकार तर प्रत्येक सदस्यास आहेच.

या सर्वांसाठी लागणारा खर्च फार मोठा नाही. औषधे आहेत, केंद्रे आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती या तिन्हींना जोडणाऱ्या शिकलेल्या माणसांची, आणि ती माणसे परदेशातून येणार नाहीत. ती याच रुग्णालयांच्या हजेरीपटावर आजही आहेत. त्यांना शिकविण्याचे काम आता राज्याच्या, जिल्ह्याच्या व महानगरपालिकेच्या यंत्रणांनी एकत्र बसून आपल्या शिरावर घ्यावयाचे आहे. विरारच्या गाडीतून उतरलेला रुग्ण कोणत्याही खिडकीशी गेला तरी त्याला सारखीच वागणूक मिळेल, तेव्हाच या कार्याची पूर्तता झाली असे समजता येईल.