जखमी मेंदूची राखण

रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण बेशुद्ध पडला आहे. भोवती गर्दी जमते. कोणी त्याच्या तोंडात पाणी ओततो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी खांद्याला धरून गदागदा हलवतो. हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो. पण त्या घटकेला त्याच्या मेंदूला खरोखर काय हवे असते, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच फस्त करतो! बरे, एवढा खर्चिक असून शिल्लक टाकणे त्याला ठाऊकच नाही. रक्तपुरवठा पार थांबला, तर १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि चारपाच मिनिटांत कायमचे नुकसान होऊ लागते.

त्यातून हा मेंदू राहतो कवटीच्या बंद पेटीत. पेटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. एकाने जागा जास्त घेतली, की दुसऱ्यांनी सरायचे. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच ही पेटी ओळखली होती. मार लागून सूज आली किंवा आत रक्त साकळले, तर थोडा वेळ तडजोड चालते. मग दाब झपाट्याने चढतो आणि नवे रक्त आत शिरेनासे होते. पहिली जखम अपघाताने केली. ही दुसरी मात्र पुष्कळदा टाळता येते.

ते काम भूल देणाऱ्या डॉक्टरचे. तुम्ही म्हणाल, रोगी आधीच बेशुद्ध. त्याला आणखी भूल कशाला? पण श्वासनलिकेत नळी घालताना असा रोगीही खोकतो आणि दाब भडकतो. भुलेने तो आवरतो, शिवाय मेंदूची प्राणवायूची भूकही कमी होते. श्वास मंदावला, की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि पेटीत दाटी होते. मग भरभर श्वास देऊन तो वायू काढून टाकावा का? पूर्वी तसे सर्रास करीत. पण त्याने वाहिन्या इतक्या आकसतात, की जखमी मेंदू उपाशी पडतो. म्हणून आता हा उपाय अगदी अडचणीतच, तोही थोड्या वेळापुरता योजतात. रक्तदाब तर उतरू द्यायचाच नाही. तो उतरला, तर आतल्या चढ्या दाबापुढे रक्त शिरणार कसे?

आता तुमचे काम. १०८ क्रमांकावर फोन करा. पाणी पाजू नका, हलवू नका. श्वास चालू आहे ना, ते पाहा. वांती झाली, तर तिघाचौघांनी डोके, मान आणि धड एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवा. तो शुद्धीवर येऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. आत रक्त साकळत असेल, तर काही तासांनीही तो पुन्हा कोसळू शकतो.

मोडलेले हाड सांधते. मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही. तिची राखण रुग्णालयात नव्हे, रस्त्यावरच सुरू होते, आणि पहिला राखणदार कदाचित तुम्हीच असाल.